मोहरीच्या फुलातली चार हिरवी टिंबं

मोहरीचं उमललेलं फूल घ्या. आधी बाहेरची चार निदलं नखाने काढा, मग चार पिवळ्या पाकळ्या. उरतात सहा पुंकेसर, चार उंच आणि दोन बुटके, आणि मधोमध हिरवा बीजकोश. आता पुंकेसरांच्या बुडाशी भिंग धरा. तिथे चार हिरवट, फुगीर टिंबं दिसतील. फूल ताजं असेल, तर बुटक्या पुंकेसरांपाशी पारदर्शक रसही चमकताना दिसतो. मधमाशीची सगळी धावपळ या टिंबांसाठी असते. या मकरंदग्रंथी.

ग्रंथी चार असल्या तरी कामाची वाटणी मुळीच समान नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात बुटक्या पुंकेसरांजवळच्या दोन ग्रंथीच जवळजवळ सगळा मकरंद देतात. उरलेल्या दोन नावापुरत्या. प्रयोगशाळांचं हे लाडकं रोप असल्याने ग्रंथी कशी घडते याची बरीच माहिती त्याच्याकडूनच मिळाली. 1999 साली जॉन बोमन आणि डेव्हिड स्माइथ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यातल्या ‘क्रॅब्ज क्लॉ’ या जनुकाचं वर्णन केलं. हे जनुक बिघडलं की बीजकोशाची टोकं नीट जुळत नाहीत, खेकड्याच्या नांगीसारखी उघडी राहतात. म्हणून हे नाव. पण त्याच फुलांमध्ये मकरंदग्रंथीही उगवतच नाहीत.

मग हे जनुक रोपात दुसरीकडे कुठे चालू केलं, तर तिथे ग्रंथी उगवेल का? नाही उगवत. म्हणजे ते आवश्यक आहे, पण एकट्याने पुरत नाही. याहून मजेची गोष्ट अशी, की ज्या बिघडलेल्या फुलांत पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच येतात, तिथेही ग्रंथी आपल्या ठरल्या जागी हजर असते. तिला शेजारी कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. फुलातलं वलय, म्हणजे अवयवांच्या वर्तुळांपैकी आपण कितव्यात आहोत, तेवढं तिला कळतं.

आता रसाकडे वळू. मकरंद म्हणजे झाडातून आपोआप झिरपणारं गोड पाणी, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याची तयारी कळी मिटलेली असतानाच सुरू होते. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून ग्रंथीपर्यंत येते आणि तिच्या पेशींत स्टार्चच्या कणांच्या रूपात साठते. फूल उमलायच्या सुमारास हा साठा फोडला जातो आणि त्यातून पुन्हा सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर बनते. ती पेशीबाहेर काढणारं दार ‘स्वीट-9’ या प्रथिनाचं असतं. 2014 साली वुल्फ फ्रॉमर या शास्त्रज्ञाच्या गटाने दाखवून दिलं, की हे प्रथिन नसेल तर ग्रंथी असूनही मकरंद येत नाही.

पण हे दार साखर ढकलत नाही. जिकडे साखर कमी तिकडे तिला जाऊ देतं, इतकंच. मग बाहेर साखर साचली की प्रवाह थांबायला हवा. तो थांबत नाही, कारण पेशीभित्तीतलं एक विकर बाहेर आलेल्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. बाहेर सुक्रोज कमीच राहतं, त्यामुळे आतून आणखी येत राहतं. शिवाय एका रेणूचे दोन झाले की बाहेरचं द्रावण जास्त पाणी ओढतं. साखरेमागून पाणी आलं, की झाला मकरंद. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे विकर निकामी केलं, तर थेंब येतच नाही. तयार रस ग्रंथीवरच्या रंध्रांतून बाहेर पडतो. ती पानावरच्या रंध्रांसारखीच दिसतात, फक्त मिटायचं विसरलेली असतात.

असा गोड रस उघड्यावर ठेवायचा म्हणजे जंतूंना आवतणच. शोभेच्या तंबाखूच्या मकरंदात त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुवायला औषधाच्या दुकानातून आणतो तेच.

मकरंदग्रंथी फुलातच असते असंही नाही. कपाशीचं पान उलटं करून मधली शीर पाहा. देठापासून थोड्या अंतरावर एक लहानसा खळगा दिसेल, बऱ्याचदा त्यावर मुंगीही. इथे रंध्रं नाहीत. खळग्यातल्या सूक्ष्म ग्रंथिकेशांतून रस पाझरतो. अळीने पानं कुरतडली की कपाशी हा रस वाढवते. मुंग्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या त्यावर येतात आणि अळ्यांचा समाचार घेतात. परागीभवनाशी याचा काहीएक संबंध नाही. ही राखणदारांची मजुरी.

हवाई बेटांवरच्या एका रानकपाशीत मात्र पानावरची ही ग्रंथी नसते. त्या बेटांवर मूळच्या मुंग्याच नव्हत्या, त्यामुळे मजुरी द्यायची कोणाला, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. अमेरिकेतल्या पैदासकारांनी हा गुण संकराने लागवडीच्या कपाशीत आणला. हेतू असा, की रस चाखायला येणारे पिकावरचे ढेकूणवर्गीय कीटक आणि बोंडअळीचे पतंग उपाशी राहतील. किडी काही प्रमाणात घटल्याही, पण मित्रकीटकांचंही खाणं तुटलं. त्यामुळे हा सौदा सरसकट फायद्याचा म्हणता येत नाही.

या वाणांत फुलातली ग्रंथी मात्र शाबूत राहिली, मधमाश्यांचं काही बिघडलं नाही. कपाशीत ‘क्रॅब्ज क्लॉ’ फुलातल्या आणि पानावरच्या अशा दोन्ही ग्रंथींत काम करताना दिसतं. तरी एक गेली आणि दुसरी राहिली. तेव्हा ग्रंथी घडवायची कृती एकच असली, तरी ती कुठे घडवायची याचा हुकूम प्रत्येक जागी वेगळा असणार.