पीपीपीचा रस्ता म्हणजे सरकारवर देणं नाही?

नवा महामार्ग झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतं: ‘पीपीपीतून (सरकार-खासगी भागीदारीतून) केलाय, सरकारचा एक रुपया लागला नाही, कर्जही वाढलं नाही.’

निव्वळ टोलवर चालणाऱ्या ‘बांधा-वापरा-हस्तांतरित करा’ रस्त्यांबाबत यात थोडं तथ्य आहे. पण २०१६ पासून राष्ट्रीय महामार्गांवर रुळलेल्या हायब्रिड अ‍ॅन्युइटीचा, म्हणजे काही पैसे आधी आणि उरलेले हप्त्यांनी देण्याच्या पद्धतीचा, हिशेब बघा. बोलीची किंमत १,००० कोटी धरू. त्यातले ४०० कोटी महामार्ग प्राधिकरण बांधकाम चालू असतानाच देतं. उरलेले ६०० कंपनी उभे करते आणि रस्ता सुरू झाल्यावर १५ वर्षं, दर सहा महिन्यांनी, व्याजासकट वसूल करते. टोल प्राधिकरणाकडे जातो. तो कमी आला तरी कंपनीचा हप्ता चुकत नाही. याला उधारी नाही तर काय म्हणायचं?

मग ती दिसत का नाही? आपले सरकारी हिशेब रोखीवर चालतात: पैसे तिजोरीतून गेले की खर्चाची नोंद. पुढच्या वर्षांचे हप्ते यंदाच्या वित्तीय तुटीत येत नाहीत. केंद्राच्या अर्थसंकल्पात अ‍ॅन्युइटी दायित्वांचं, म्हणजे अशा हप्त्यांच्या देण्यांचं, विवरणपत्र असतं, पण ते परिशिष्टात. तिथवर कोण जातो!

आंतरराष्ट्रीय सार्वजनिक क्षेत्र लेखा मानक क्रमांक ३२ वेगळंच विचारतं. सेवा कोणती, कुणाला, काय दरानं हे सरकार ठरवतं का? मुदतीनंतर मालमत्ता सरकारच्या हाती येते का? दोन्हींना ‘हो’ असेल, तर रस्ता सरकारच्या ताळेबंदात चढतो आणि समोरच्या बाजूला देणंही.