सई परांजपे यांचा सिनेमा आला कुठून?

सई परांजपे म्हटलं की लोकांना आधी 'चश्मे बद्दूर' आठवतो, मग 'कथा', आणि गप्पा थोड्या रंगल्या तर 'स्पर्श'. त्यामुळे एक समज रूढ झाला आहे : ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर एक हुशार मराठी बाई हिंदी सिनेमात आली, तिने तीन-चार सुंदर चित्रपट केले आणि मग ती टीव्हीकडे वळली. प्रत्यक्षात टीव्ही आधी आला, आणि त्याच्याही आधी रेडिओ. 'स्पर्श' तयार झाला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. आकाशवाणी, बालनाट्य, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दिल्ली दूरदर्शन आणि मुलांचे चित्रपट एवढी लांबलचक उमेदवारी तोवर पार पडली होती. त्यांच्या चित्रपटांतला सहजपणा ज्यांना आवडतो त्यांनी ही उमेदवारी जरूर बघावी, कारण तो सहजपणा तिथेच कमावलेला आहे.

जन्म 19 मार्च 1938चा, लखनौचा. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे : केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, पुढे ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. ते लग्न टिकलं नाही आणि सई आईकडे, आजोबांच्या घरात वाढल्या; काही वर्षं ऑस्ट्रेलियात कॅनबेराला, मग पुण्यात. आई शकुंतला परांजपे हे स्वतंत्र प्रकरण आहे. केंब्रिजला गणित शिकलेल्या या बाईंनी र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम केलं. लोक तोंडावर दार लावून घेत होते त्या काळात केलं. त्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या, आणि 1937च्या प्रभातच्या 'कुंकू'त शिकलेल्या, निर्भीड सुशीलेची भूमिकाही त्यांनी केली. मुलीला नेमाने लिहायला बसवण्याचा त्यांचा हट्ट होता. त्याचं फळ लवकर दिसलं. सईंचं पहिलं पुस्तक 'मुलांचा मेवा' प्रसिद्ध झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

पुणे आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झालं. सई तिथे निवेदिका म्हणून लागल्या आणि लवकरच मुलांच्या कार्यक्रमात रमल्या. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, पात्राला चेहरा नसतो, कपडे नसतात, मागे घर दिसत नाही. माणूस उभा करायचा तो त्याच्या बोलण्याच्या लकबीतून. आणि ऐकणारी मुलं असली की कंटाळा आल्याबरोबर त्यांचं लक्ष दुसरीकडे जातं. त्यांना धरून ठेवायला संवाद नेटका लागतो. त्याच सुमाराला पुण्यात बालनाट्यंही चालू होती. 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप' ही त्यांची नाटकं पुढे कित्येक शाळांच्या स्नेहसंमेलनांत होत राहिली.

मग दिल्ली. 1963 साली त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्या. इब्राहिम अल्काझी आदल्याच वर्षी तिथे संचालक होऊन आले होते आणि त्यांची शिस्त कडक होती. नाट्य विद्यालयानंतर त्या दिल्ली दूरदर्शनवर गेल्या. तेव्हाच्या टीव्हीची आज कल्पना करणं अवघड आहे. 1959 साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेलं हे माध्यम आकाशवाणीचाच एक विभाग होतं. दूरदर्शन वेगळं झालं ते 1976मध्ये. चित्र कृष्णधवल, पैसा जेमतेम, आणि बरंचसं प्रक्षेपण स्टुडिओतून थेट. चूक झाली तर ती घरोघरी दिसणार. त्यामुळे नाटुकलं असो की मुलांचा कार्यक्रम, तालीम चोख हवी आणि बंदिस्त जागेत चार माणसांच्या बोलण्यावर अर्धा तास पेलता यायला हवा. इथे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. 1972 सालच्या 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या टीव्हीपटाला आशियाई पातळीवरचं पारितोषिक तेहरानला मिळालं. सत्तरच्या दशकात 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' हे बालचित्रपट झाले. बालचित्र समितीचं अध्यक्षपदही त्यांनी दोनदा सांभाळलं.

'स्पर्श'चं बीज याच दिल्लीतलं. अंधांच्या शाळेचे एक मुख्याध्यापक त्यांच्या पाहण्यात आले. ते स्वतः अंध होते आणि कोणाची कीव सहन न करणारे होते. त्यांच्यावरून नसीरुद्दीन शाह यांचा अनिरुद्ध घडला. चित्रीकरण त्याच शाळेत झालं आणि चित्रपटातली मुलं तिथलेच विद्यार्थी. सुरुवातीचा प्रसंग आठवा. डॉक्टरांकडे निघालेल्या अनिरुद्धच्या कानावर गाण्याचे सूर पडतात आणि तो भलत्याच दारापाशी थबकतो. गाणारी कविता, म्हणजे शबाना आझमी, पुढे एका समारंभात भेटते तेव्हा तो तिला आवाजावरून ओळखतो. नायक-नायिकेची पहिली भेट केवळ कानाने घडवणं ज्या दिग्दर्शिकेला सुचलं, ती रेडिओवर वाढली होती हे विसरून चालणार नाही. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण प्रदर्शन मात्र बरंच रखडलं. फिल्मफेअर मिळालं ते 1985 साली. दिग्दर्शनासाठी तो पुरस्कार घेणाऱ्या त्या पहिल्या महिला.

'चश्मे बद्दूर' (1981) तर थेट टीव्हीवरूनच आला. दिल्ली दूरदर्शनसाठी केलेल्या 'धुआँ धुआँ' या टीव्हीपटाचा तो विस्तार. तीन मित्र, एक खोली, सिगारेटी, पानवाल्याची उधारी, आणि दारात कपडे धुण्याची पावडर विकायला आलेली मुलगी. 'चमको'चं ते प्रात्यक्षिक पाहा : ती पाठ केलेलं बोलते आहे, दार उघडणारा मित्र अवघडला आहे, आणि साबणाच्या फेसातून दोघांची ओळख वाढते. एवढ्याशा जागेत, नुसत्या बोलण्यावर हा प्रसंग उभा आहे. दूरदर्शनच्या स्टुडिओने हेच कसब दिलं होतं.

दोन वर्षांनी आलेला 'कथा' मराठी रंगभूमीतून आला, स. गं. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावरून. चाळीचे गॅलरीतले संवाद, नळावरची भांडणं, कारकुनाची भिडस्त सज्जनता. मुंबईची ही राहणी हिंदी पडद्यावर इतक्या जवळून क्वचितच आली होती. 1984-85च्या सुमाराला, प्रायोजित मालिका नुकत्याच सुरू होत असताना, त्यांनी 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका केल्या. ती घरवापसी होती.

मात्र या यशामुळे 'हलकंफुलकं करणाऱ्या' असा शिक्का त्यांच्यावर बसला, आणि त्याचा फटका 'दिशा'ला (1990) बसला असं मला ठामपणे वाटतं. गावात पिकत नाही म्हणून मुंबईच्या गिरणीत आलेल्या दोघांची ही गोष्ट. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव यांची. गिरणगावातला गाळा यात आहे. एका खोलीत डझनावारी पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक, पाळीप्रमाणे झोपायची जागा. एक पाळीवर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा आडवा होणार. तिकडे गावात ओम पुरींचा परशुराम लोकांची टिंगल सोसत वर्षानुवर्षं विहीर खणतो आहे. जानेवारी 1982मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि हा चित्रपट आला तेव्हा ते जग डोळ्यांदेखत मोडत चाललं होतं. गाळ्यातलं आयुष्य आता पाहायचं तर 'दिशा'कडे वळावं लागतं. यातही विनोद आहे, माणसं एकमेकांची थट्टा करतात, पण पोटासाठी घर दुभंगल्याची सल क्षणभरही सुटत नाही.

पुढे 'पपीहा', 'साज', 'चकाचक' असे चित्रपट झाले. 'साज'मधल्या दोन गायिका बहिणी म्हणजे लता मंगेशकर आणि आशा भोसलेच, अशी बरीच कुजबुज झाली. चित्रपटातल्या गाण्यासाठी जावेद अख्तर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावातल्या बायकांच्या दारूविरोधी लढ्यावरचा 'चूडियाँ' हा लघुपटही त्यांचाच. मराठी रंगभूमी मधूनमधून चालूच होती. 'सख्खे शेजारी', 'जास्वंदी', 'माझा खेळ मांडू दे' ही नाटकं आजही नाव निघालं की लोकांना आठवतात. 2006मध्ये पद्मभूषण मिळालं, जे आईला 1991 साली मिळालं होतं. ऐंशी ओलांडल्यावर त्या पुन्हा मराठी नाटकाकडे आल्या. 'इवलेसे रोप' 2024 साली रंगमंचावर आलं, आणि पुढच्याच जानेवारीत छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाने त्यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार दिला.