कर्करोगाच्या अभ्यासातले शवविच्छेदन : पार्श्वभूमी

मुंबईत ‘पोस्टमॉर्टेम’ हा शब्द उच्चारला की पोलीस, पंचनामा आणि शवागाराबाहेर ताटकळणारे नातेवाईक डोळ्यांसमोर येतात. कायद्याने करावे लागणारे ते शवविच्छेदन वेगळे, आणि रुग्णालयात आजाराने मृत्यू झाल्यावर नातेवाइकांच्या संमतीने, त्या आजाराचा उलगडा व्हावा म्हणून केले जाते ते वेगळे. कर्करोगाविषयीच्या आपल्या ज्ञानाचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारातून आला आहे.

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्ताबरोबर रोग वाहत असेल तर तो सर्व अवयवांत सारखाच आढळायला हवा होता. प्रत्यक्षात यकृतात तो वारंवार दिसत होता आणि प्लीहेत क्वचित. बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शेतीशी नाते असलेल्या आपल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. कर्करोगाच्या प्रसारावरील संशोधन आजही या विचाराकडे पुन्हा पुन्हा वळते.

मुंबईत आधुनिक वैद्यकशिक्षणाची परंपरा १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासूनची आहे. परळमध्ये १९२६ साली केईएम रुग्णालय आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. टाटाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली आणि त्यांनी भारतातील विकृतिशास्त्राला, म्हणजे पॅथॉलॉजीला, संशोधनाची शिस्त लावली. पुढे १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे एका भागातल्या सर्व रहिवाशांमधील कर्करोगाची नोंद, सुरू झाली. अशा नोंदणीचा भरवसा अखेर निदान आणि मृत्यूचे कारण किती अचूक लिहिले जाते यावर असतो, आणि ते पडताळण्याचे शवविच्छेदनाइतके खात्रीचे साधन दुसरे नाही.

तरीही सीटी स्कॅन आणि सुईने घेतलेल्या बायोप्सीच्या काळात ही तपासणी जगभर मागे पडली, कारण सारे काही आधीच कळलेले असते असा समज झाला. न्यू ऑर्लिन्समधील दहा वर्षांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा घातक गाठींच्या बाबतीत हयातीतील निदान आणि शवविच्छेदनातील निष्कर्ष यांत ४४ टक्के तफावत आढळली. शवविच्छेदनासाठी बहुधा कोड्यात टाकणारेच रुग्ण निवडले जातात, त्यामुळे हा आकडा सरसकट लावता येणार नाही. पण तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

गेल्या दोन दशकांत मृत्यूनंतर काही तासांतच ऊती गोळा करण्याची पद्धत रुळू लागली आणि या तपासणीला नवे काम मिळाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेलेल्या सात रुग्णांच्या मूळ आणि पसरलेल्या गाठींमधील जनुकीय बदल ताडून २०१० साली असा अंदाज मांडला गेला की, पहिल्या बदलापासून रोग पसरण्याची क्षमता येईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ जातो. म्हणजे तो लवकर ओळखायला बराच अवधी असतो. मुलांच्या मेंदूच्या देठात होणाऱ्या गाठीची कथा याहून हृदयाला भिडणारी आहे. जागा इतकी नाजूक की वर्षानुवर्षे तिथला तुकडा काढायलाही डॉक्टर धजत नसत, आणि अभ्यासाला ऊतीच नसल्याने उपचारही पुढे सरकत नव्हते. आपले मूल गमावलेल्या आईवडिलांनी शवविच्छेदनाला होकार दिला, म्हणून संशोधकांच्या हाती नमुने आले. २०१२ साली या गाठींमधील हिस्टोन या, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या जनुकातील ठरावीक बदल उघड झाला, आणि आज औषधे त्याच्या रोखाने शोधली जात आहेत. नव्या औषधांचे धोकेही असेच कळतात. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणारी, दोन औषधे एकत्र घेतलेल्या दोन रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत त्यांच्याच प्रतिकारपेशी शिरल्याचे शवविच्छेदनात दिसले, आणि २०१६ सालच्या त्या नोंदीनंतर हृदयाकडे अधिक बारकाईने लक्ष दिले जाऊ लागले.

परळला उपचारासाठी येणाऱ्यांत दूरच्या गावांहून आलेली असंख्य कुटुंबे असतात. माणूस गेला की त्याला गावी नेऊन अंत्यसंस्कार वेळेत करण्याची त्यांची घाई रास्तच असते, आणि अशा घटकेला संमती मागणे डॉक्टरलाही जड जाते. ब्रिटनमधील ‘पीस’ या अभ्यासात ही संमती रुग्णाकडूनच, तो हयात असताना घेतली जाते. त्यामुळे आपल्या देहाचे काय व्हावे हे तो स्वतः सांगतो, आणि तो निर्णय दुःखाच्या घटकेला त्याच्या माणसांना एकट्याने घ्यावा लागत नाही.