ट्राउटसाठी हातजाळे

फ्लाय रॉडने, म्हणजे किड्यासारखा सजवलेला हलका गळ ('फ्लाय') फेकायच्या काठीने, गळाला लावलेला ट्राउट मासा पाण्यातच झेलून घेण्यासाठी वापरायचे, एका हाताने पेलता येणारे जाळे. दुकानात आणि गरवणाऱ्यांच्या बोलण्यात ते 'लँडिंग नेट' म्हणूनच ओळखले जाते. दांडा, दांड्याला जोडलेले कडे आणि कड्याला लटकणारी झोळी असे त्याचे तीन भाग असतात. रापण, पागेर किंवा मानशीला (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराला) लावायचे जाळे मासा पकडते. लँडिंग नेटमध्ये येणारा मासा आधीच गळाला लागलेला असतो. जाळ्याला फक्त शेवटच्या हातभर अंतराचे काम करायचे असते. मात्र हौशी फ्लाय-फिशिंगमध्ये मासा बहुधा परत सोडायचा असतो, त्यामुळे ते काम माशाला न दुखावता व्हावे लागते. जाळे निवडताना पाहायच्या बहुतेक गोष्टी यातूनच येतात.

गोव्यात ट्राउट नाही आणि होणारही नाही. या माशाला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसचे, भरपूर प्राणवायू असलेले वाहते पाणी लागते. २० अंशांच्या वर तो खाणे सोडू लागतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. मांडवी, झुआरी, शापोरा किंवा तेरेखोलचे पाणी वर्षातला बराच काळ याहून उबदार असते. भारतात ट्राउट आणला तो इंग्रजांनी, थंड प्रदेशांत: १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट, त्यानंतर काही वर्षांत कुलू खोऱ्यात, आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नारच्या डोंगरांवर रेनबो ट्राउट. गोव्याचे गरवणारे ट्राउटसाठी हिमाचलमधले तीर्थन व बारोट, काश्मीरमधले पहलगाम अशा ठिकाणी सुट्टी काढून जातात आणि जाताना खाडीत चोणक मासा गरवण्याच्या सवयी बरोबर नेतात. जाळ्याची निवड चुकते ती बहुधा या सवयींमुळे.

चोणक अंगाने राकट मासा आहे. त्याचे खवले मोठे आणि घट्ट, पाठीच्या पराला काटे, कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार की ती दोरा कापते. गाठी मारलेल्या नायलॉनच्या खरखरीत जाळ्यात तो धडपडला तरी वरवर काही झालेले दिसत नाही. ट्राउटचे खवले बारीक असतात, कातडीत रुतलेले, आणि त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. हा थर माशाचे बुरशीपासून आणि जंतूंपासून रक्षण करतो. खरखरीत दोऱ्याने तो खरवडला गेला, की त्या जागी काही दिवसांत कापसासारखी पांढरी बुरशी धरू शकते. मासा सोडताना तो ठणठणीत पोहत गेला म्हणून तो वाचलाच असे नाही. चोणकाला खालच्या जबड्यात लिप ग्रिप (जबडा धरायचा चिमटा) अडकवून उचलण्याची पद्धतही ट्राउटच्या नाजूक जबड्याला चालत नाही, म्हणून जाळ्याला पर्याय फारसा उरत नाही.

झोळी

जाळे विकत घेताना हात आधी लाकडाच्या सुंदर कड्याकडे जातो. नोंदलेखकाच्या मते आधी झोळी पाहावी आणि कड्याचा विचार नंतर करावा, कारण माशाला स्पर्श झोळीचा होतो. झोळ्या ढोबळमानाने चार प्रकारच्या मिळतात: गाठींच्या नायलॉनची, बिनगाठींच्या विणलेल्या नायलॉनची, रबराचा लेप दिलेल्या जाळीची आणि सबंध रबराची किंवा सिलिकॉनची.

गाठींच्या नायलॉनची झोळी स्वस्त आणि हलकी असते आणि कुठेही मिळते. ट्राउटसाठी ती घेऊच नये. प्रत्येक गाठ हा एक खरखरीत ठिपका असतो, आणि जाळीचे आस (दोऱ्यांमधली भोके) मोठे असले तर शेपटीच्या पराच्या किरणांमध्ये दोरा शिरून पर फाटतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातील ब्लूगिल माशांवरच्या अभ्यासात वेगवेगळ्या जाळ्यांची तुलना झाली होती. गाठींच्या आणि मोठ्या आसांच्या जाळ्यांनी पर आणि खवले अधिक दुखावले, रबराच्या आणि बारीक आसांच्या बिनगाठी जाळ्यांनी कमी. ब्लूगिल म्हणजे ट्राउट नव्हे, पण नायलॉनची गाठ ट्राउटला अधिक सौम्य वागवील असे मानायला काहीच कारण नाही.

बिनगाठींचे बारीक विणीचे नायलॉन माशाला बरे, वजनालाही हलके. त्याचा त्रास वेगळा. फ्लायचा इवलासा गळ त्या विणीत असा रुततो की सोडवताना मिनिट जाते, आणि तेवढा वेळ मासा ताटकळत राहतो. दोन फ्लाय बांधून गरवत असाल तर माशाच्या तोंडाबाहेर राहिलेली दुसरी फ्लाय हमखास अडकते. शिवाय हे कापड पाणी शोषते आणि वाळायला वेळ घेते.

सबंध रबराची झोळी यातल्या बहुतेक अडचणी मिटवते. गळ तिच्यात क्वचितच रुततो, पाणी झटकले की ती कोरडी होते, वास धरत नाही आणि माशाला मऊ लागते. ती जड असते, वाहत्या पाण्यात तिला ओढ अधिक बसते आणि पाठीवर तिचे ओझे जाणवते. दिवसभर चढणीवर चालायचे असेल, उदाहरणार्थ काश्मीरमधल्या विशनसर किंवा गंगाबल तलावांकडे, तर रबराचा लेप दिलेली बिनगाठी जाळी हा मधला मार्ग चांगला. रस्त्यालगतच्या ओढ्यावर गरवायचे असेल तर सबंध रबर घ्यावे. झोळी हातात मिळाली तर ती उलटी करून, ओली करून मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहावी. तिथली कातडी पातळ असते. तिथे जी जाळी बोचते ती ट्राउटलाही बोचणार.

झोळीचा तळ सपाट असावा. निमुळत्या, खोल झोळीत मासा अर्धवट दुमडून खाली बसतो; सपाट तळावर तो पाळण्यात ठेवल्यासारखा आडवा राहतो आणि गळ काढताना त्याचे कल्ले पाण्याखाली ठेवता येतात. २५ ते ३० सेंटिमीटर खोली बहुतेक ओढ्यांना पुरते. त्याहून उथळ झोळीतून उसळलेला मासा बाहेर पडतो.

कडे आणि माप

विक्रेते जाळ्याची लांबी सांगतात ती पुष्कळदा दांड्यासकट. आपल्याला हवे असते कड्याचे आतले माप, आणि ते वेगळे शोधावे लागते. भारतातल्या डोंगरी ओढ्यांत मिळणारे ब्राउन ट्राउट बहुतेक हाताच्या पंजापासून हातभर लांबीच्या आतले असतात. त्यांच्यासाठी आतून ४० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि २२ ते २८ सेंटिमीटर रुंद कडे घ्यावे. अरुंद कड्यात मासा आत घेताना डोके कडेला आपटते, आणि नवशिक्याचा मासा तिथेच सुटतो. शंका असेल तर एक माप मोठे घ्यावे. मोठ्या कड्याने लहान मासा झेलता येतो. उलटे करता येत नाही.

लाकडी कडे पातळ पट्ट्या वाकवून, एकावर एक चिकटवून आणि वर पाणीरोधक वॉर्निश देऊन बनवतात. अ‍ॅश, चेरी, अक्रोड ही त्यासाठीची नेहमीची लाकडे. ते दिसायला देखणे असते आणि हातातून सुटले तर पाण्यावर तरंगते. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवरच्या तेन्कारा पद्धतीत 'तामो' नावाचे गोल जाळे वापरतात. त्यात झाडाची फांदीच वाकवून तिचे कडे आणि दांडा करतात, आणि त्यावर कारागीर बराच वेळ घालवतात. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि टिकाऊ, पण दगडावर आपटले की आवाज करते. कार्बन फायबर सर्वांत हलके आणि सर्वांत महाग.

दांडा आणि अडकवण

ओढ्यात कमरेपर्यंत उभे राहून गरवणाऱ्याला वीतभराचा दांडा पुरतो, कारण मासा पायांशी येतो. होडीतून किंवा उंच काठावरून गरवायचे असेल तर ९० सेंटिमीटर ते सव्वा मीटरचा, शक्यतो सरकता दांडा हवा. चोणकासाठी वापरतात तसले लांब दांड्याचे मोठे जाळे ओढ्यात नेले तर ते झुडपांत अडकते आणि एका हाताने पेलत नाही.

जाळे पाठीवर, मानेखाली जॅकेटच्या कडीला अडकवतात. त्यासाठी चुंबकाची जोडी उत्तम: ओढले की सुटते, जवळ नेले की चिकटते. चुंबकासोबत एक दोरीही हवी, नाहीतर झाडीत ओढले गेलेले जाळे कुठे पडले ते कळतही नाही. जुन्या पद्धतीच्या नुसत्या इलॅस्टिक दोरीपासून सावध राहावे. फांदीत अडकलेले जाळे ताणले जाते आणि सुटले की जोरात पाठीत बसते.

वापरताना

ट्राउटसाठी बांधलेला टिपेट, म्हणजे फ्लायला जोडलेला दोऱ्याचा शेवटचा तुकडा, बारीक असतो. ५एक्स म्हणून विकला जाणारा दोरा सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा. त्याने मासा ओढून पाण्याबाहेर उचलता येत नाही. रॉड उंच धरून माशाचे डोके पृष्ठभागावर आणायचे, जाळे आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेवायचे आणि मासा डोक्याकडून त्यावर सरकवून मगच कडे उचलायचे. जाळे माशामागे फिरवू नये. शेपटीकडून जाळे लागलेला मासा एका झटक्यात पुढे निसटतो आणि दोरा तुटतो. मासा आत आला की कडे पाण्यावर येईल एवढेच उचलावे, झोळी पाण्यात राहू द्यावी आणि हात ओले करून गळ काढावा. उलटा काटा नसलेला गळ असेल तर हे काम काही क्षणांचे.

घाई कशासाठी, याचे उत्तर १९९२ साली कॅनडातील फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात सापडते. त्यांनी रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवले. पळवून लगेच पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के पुढच्या १२ तासांत मेले. नंतर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ही प्रयोगशाळेतली स्थिती होती, ओढ्यात आकडे इतके कठोर नसतील. तरीही हवेतला प्रत्येक सेकंद माशाला महाग पडतो एवढे त्यातून स्वच्छ कळते. फोटो काढायचा असेल तर मोबाइल आधी तयार ठेवावा, मासा पाण्यात जाळ्यातच असू द्यावा आणि उचलायचाच झाला तर दोन-तीन सेकंदांसाठी.

गोव्यात ठेवताना

ट्राउटचे जाळे वर्षातले पंधरा दिवस डोंगरात आणि बाकीचे दिवस गोव्याच्या हवेत असते, आणि ते बिघडते इथे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद कपाटात ठेवलेल्या लाकडी कड्यावर बुरशी येते, वॉर्निशला तडा असेल तिथून पाणी शिरून पट्ट्या सुटू लागतात. कडे भिंतीला उघड्यावर, वारा लागेल असे टांगावे आणि दर वर्षी वॉर्निशचा पातळ हात द्यावा. किनाऱ्याजवळच्या घरात खारी हवा चुंबकावरचा मुलामा उडाला की आतले धातू खाते. स्प्रिंगच्या कड्याही गंजतात. तेच जाळे खाडीवर वापरले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे. रबराची झोळी एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत सोडू नये, ती चिकट होऊन खराब होते. डासांसाठी हाताला लावायच्या डीट असलेल्या मलमाने प्लास्टिक आणि वॉर्निश विरघळते, म्हणून ते लावल्यावर हात पुसल्याशिवाय जाळ्याला हात लावू नये.

एका नदीतून दुसरीकडे जाताना जाळे पूर्ण वाळवणे हा शिष्टाचाराहून महत्त्वाचा भाग आहे. ओल्या झोळीतून शेवाळ आणि माशांचे रोग एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. न्यूझीलंडमध्ये डिडिमो नावाचे शेवाळ २००४ साली आढळल्यापासून तिथल्या गरवणाऱ्यांना साहित्य तपासा, धुवा आणि वाळवा असे बजावले जाते. हाताला कोरडे लागल्यानंतरही ४८ तास ते वापरायचे नाही. पार्वती खोऱ्यातून तीर्थनला त्याच दिवशी जाणाऱ्यांना एवढे थांबणे जमत नाही, आणि इथेही झटकताच कोरडी होणारी रबराची झोळी उपयोगी पडते.

झोळी फाटली म्हणून जाळे टाकू नये. बहुतेक लाकडी कड्यांना बाहेरून भोके असतात आणि झोळी दोरीने त्यांत ओवलेली असते. बदली झोळी स्वतंत्र मिळते. मागवण्यापूर्वी कड्याचा आतला घेर मोजावा आणि भोके मोजावीत, कारण दोन कंपन्यांची मापे क्वचितच जुळतात.