'बँड ऑफ गोल्ड' आणि 'फाइव्ह डॉटर्स': एक रहस्यकथा, एक शोककथा

रस्त्यावर देहविक्रय करणाऱ्या बायका, त्यांचे खून आणि ब्रिटिश टीव्ही एवढंच लक्षात असेल, तर या दोन मालिकांची हमखास गल्लत होते. दोन्हींत बायकाच केंद्रस्थानी आहेत आणि पोलीस दुय्यम. पण दोन्ही पाहताना मनात उठणारे प्रश्न अगदी वेगळे आहेत.

'बँड ऑफ गोल्ड' पूर्णपणे कल्पित. के मेलर यांनी लिहिलेली ही मालिका १९९५ साली आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर सुरू झाली. ती घडते उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, लंब लेन या त्या काळी खरोखरच बदनाम असलेल्या रस्त्यावर. मारकुट्या नवऱ्यापासून वेगळी झालेली, सावकाराच्या कर्जात अडकलेली जीना नाइलाजाने या धंद्यात येते आणि तिचा खून होतो. खुनी कोण, हा धागा पुढे चालतो खरा, पण मालिका माझ्या मनात राहिली ती रोझ, कॅरोल, अनिता आणि कोवळ्या वयाची ट्रेसी यांच्यामुळे. त्या भांडतात, खोटं बोलतात, एकमेकींना सांभाळतात, धंदा सोडून साफसफाईचा व्यवसाय थाटू पाहतात. जेराल्डिन जेम्स, कॅथी टायसन, बार्बरा डिक्सन, समँथा मॉर्टन या चौघींनी त्यांना दयेचा विषय होऊ दिलेलं नाही.

ब्रॅडफर्ड निवडण्याला वजन आहे. तेरा स्त्रियांच्या खुनांबद्दल १९८१ मध्ये दोषी ठरलेला पीटर सटक्लिफ याच शहरात राहत होता. त्या खटल्यात सरकारी बाजू मांडणाऱ्या ॲटर्नी जनरलनी भर कोर्टात सुचवलं होतं की, मारल्या गेलेल्यांपैकी काही जणी वेश्या नव्हत्या, हा या प्रकरणातला कदाचित सर्वांत दुःखद भाग. म्हणजे बाकीच्यांचं मरण कमी दुःखाचं! मेलर यांची मालिका या वृत्तीला सरळ उत्तर देते, असं मला वाटतं.

'फाइव्ह डॉटर्स' मात्र खऱ्या घटनांवर उभी आहे. २००६ च्या डिसेंबरमध्ये सफक परगण्यातल्या इप्सविच शहराच्या आसपास पाच तरुणींचे मृतदेह सापडले. या खुनांबद्दल एका फोर्कलिफ्ट चालकाला २००८ मध्ये मरेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा झाली. स्टीफन बुचार्ड यांनी लिहिलेली ही तीन भागांची मालिका बीबीसी वनवर एप्रिल २०१० मध्ये लागोपाठ तीन रात्री दाखवली गेली. इथे खुनी कोण याचं कुतूहल चाळवलेलंच नाही. त्याला कथेत जवळपास जागाच नाही. व्यसन, पैशाची निकड, घरी वाट पाहणारी आई, उपचार केंद्रात रोज होणारी धडपड, यांवर कॅमेरा थांबतो. 'पाच लेकी' हे शीर्षकही त्या पाचजणींना कुणाची तरी लेक म्हणूनच ओळखतं. पाहणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून साधी फोनवरची बोलणीही ऐकवत नाहीत.

हा फरक माहीत नसेल तर पंचाईत होते. 'बँड ऑफ गोल्ड'मध्ये इप्सविचच्या खुनांचे संदर्भ शोधण्यात अर्थ नाही. ती त्या घटनेच्या अकरा वर्षं आधीची. उलट 'फाइव्ह डॉटर्स' रहस्यकथा म्हणून लावली तर हाती काहीच लागणार नाही, आणि त्या पाच घरांवरही अन्याय होईल.

आणखी एक घोळ नावाचा: 'बँड ऑफ गोल्ड'चा १९९७ चा तिसरा सीझन नुसत्या 'गोल्ड' या नावाने आला. २०२३ ची बीबीसीची 'द गोल्ड' मात्र सोन्याच्या दरोड्यावर आहे; तिचा यांच्याशी काही संबंध नाही.