चढताना पाणी प्यायचं नाही?
"चढावर पाणी पिऊ नका, पोटात कळ येते." राजगड-तोरणा-रायगडसारख्या लांबच्या ट्रेकआधी हा सल्ला कुणीतरी हमखास देतंच. तो चुकीचा आहे. कळ येते ती एका दमात अर्धी बाटली रिचवल्यावर. थोड्या थोड्या वेळाने दोन-चार घोट घ्या, काही होत नाही. उलट घामातून गेलेलं पाणी भरून निघालं नाही की डोकं दुखतं, पाय जड होतात, 'आपल्याला नाही जमायचं' असं वाटू लागतं. हिंमत खचली असं आपण समजतो. बरेचदा नुसती तहान असते. मात्र तासन्‌तास निव्वळ पाणीच ढोसलं तर रक्तातलं सोडियम घटतं, म्हणून लिंबू-मीठ-साखर सोबत हवी. आणि हो, तीन लिटर पाणी सोबत घेतलं म्हणजे पाठीवर तीन किलो! तेवढं ओझं घेऊन आधी घराजवळची टेकडी चढून बघा.