सायकल घेताना आधी टायरशेजारची फट बघा

मुख्य रस्ता सोडला की नाशिकच्या आसपास डांबराचा भरवसा नसतो. गंगापूर धरणाच्या कडेने जा, गिरणाऱ्याच्या पुढे आत वळा, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधून निघा किंवा अंजनेरीचा पायथा गाठा. थोड्याच वेळात चाकाखाली मुरूम येतो, मग मोकळी खडी, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि पावसाळा सुरू झाला की काळी माती. बारीक टायरची रोड सायकल इथे हाडं खिळखिळी करते. शॉकअपवाली एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक, खड्डे पचवते, पण तीच घेऊन त्र्यंबक रस्त्याने घरी परतताना जीव मेटाकुटीला येतो.

ग्रॅव्हल सायकल या दोन्हींच्या मधली. रोड सायकलसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल, शॉकअप नसलेला साधा चिमटा आणि बऱ्यापैकी जाड टायर. नाशिकला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड नवं नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली होती. आता डांबराबाहेरच्या वाटाही अनेकांना खुणावतात, आणि मग दुकानात जाऊन किंमत ऐकली की पाय मागे येतो. पैसे मोजकेच असतील तर ते कशासाठी मोजावेत? माझं उत्तर ठाम आहे: जाड टायर बसेल एवढी जागा असलेल्या फ्रेमसाठी. बाकीचं बरंचसं नंतर बदलता येतं, ही जागा वाढवता येत नाही.

यामागचं विज्ञान साध्या भागाकाराचं आहे. टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकतो त्याचं क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचं वजन भागिले आतल्या हवेचा दाब. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर मागच्या चाकावर साधारण ४४ किलो येतात. टायरमध्ये ६० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४.२ किलो दाब असेल, तर टेकलेला भाग साडेदहा चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो. हवा ३० पीएसआयवर आणली की तोच २१ होतो. वजन तेवढंच, पण दुप्पट जागेवर पसरलेलं. मुरमात किंवा वाळूत चाक रुतणार की वरून निघून जाणार, हे यावरच ठरतं.

मग बारीक टायरमधलीच हवा कमी करून का भागत नाही? कारण तो बुटका असतो. खडा आला की टायर पूर्ण चेपतो, धाव (चाकाची रिम) दगडावर आपटते आणि मध्ये सापडलेल्या ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. २८ मिलिमीटरच्या जागी ४० मिलिमीटरचा टायर घेतला तर त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर आत मावणारी हवा, जवळपास दुप्पट होते. चेपायला उंचीही मिळते. म्हणून जाड टायर कमी हवेवर सुखरूप चालतो.

‘पण कमी हवेची सायकल जड जाते ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. टायर जमिनीवर दबतो आणि पुढे सरकताना सुटतो. दबताना रबरात गेलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. याला हिस्टेरिसिस म्हणतात. प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी ड्रमवर चाक फिरवून हा तोटा मोजला की हवा जितकी जास्त तितका तो कमी दिसतो. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खऱ्या रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर चढतो, सायकलसकट स्वाराला वर उचलतो आणि खाली आदळतो. ते हादरे मांड्या, पोट, खांदे, हात शोषून घेतात आणि तिथे खर्च झालेली ऊर्जा पायांनीच पुरवलेली असते. खडबडीत रस्त्यावर हा दुसरा तोटा पहिल्याला सहज मागे टाकतो. कडक टायर भरधाव वाटतो तो बऱ्याचदा नुसत्या थरथरीमुळे.

कार्बन फ्रेम ‘हादरे पिते’ ही जाहिरातही याच हिशेबात तपासून पाहावी. टायर आणि फ्रेम या एकापुढे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा समजा. अशा जोडणीत जी मऊ असते तीच जास्त दबते. जाड टायर मोठ्या खड्यावर सेंटीमीटरभर आत जातो. त्रिकोणी बांधणीची फ्रेम, मग ती अॅल्युमिनियमची असो, पोलादाची असो वा कार्बनची, उभ्या दिशेने त्याच्या तुलनेत फारच थोडी लवते. म्हणजे आरामाचं बहुतेक काम टायरच करतो. वजनाचंही तसंच. एक किलो जड सायकल म्हणजे एकूण ८० किलोंत सव्वा टक्का. ४० मिनिटांच्या चढाला त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या आसपास जास्त लागेल. शर्यत जिंकायची नसेल तर अॅल्युमिनियमची साधी फ्रेम खुशाल घ्यावी.

आता ती फट. दुकानात ६ मिलिमीटरची अॅलन की मागून घ्या. मागचा टायर आणि पेडलपासून मागे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्या यांच्या मधून ती दोन्ही बाजूंनी आरपार जाते का पाहा. मग चिमट्याच्या आत, टायरच्या माथ्यावर तेच करा. की अडकली तर तो टायर त्या फ्रेमसाठी जास्तच जाड आहे. उन्हाळ्यात हे पटत नाही, पावसाळ्यात लगेच पटतं. नाशिकची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातल्या स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते आणि टायरला लगद्यासारखी चिकटते. फट कमी असेल तर शंभर-दोनशे मीटरांत चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

सायकल खांद्यावर घेणं हे सायक्लोक्रॉसचं अंगच आहे. युरोपात हिवाळ्यात, चिखलात, तासाभराच्या आत-बाहेर चालणारी ही शर्यत. तिचं पहिलं जागतिक अजिंक्यपद १९५० साली पॅरिसला झालं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार त्यात टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. त्यामुळे या सायकली चपळ, वळणाला तिखट, पण बऱ्याचदा ४० मिलिमीटरचा टायर न मावणाऱ्या. कित्येकींना मडगार्ड-कॅरिअर बसवायला स्क्रूचे आटेही नसतात. जुनी सायक्लोक्रॉस स्वस्तात मिळत असेल तर मोह होतो. फट आणि आटे तपासल्याशिवाय त्याला बळी पडू नका. ग्रॅव्हलचं पहिलं जागतिक अजिंक्यपद २०२२ मध्ये इटलीत झालं. या सायकलींची दोन चाकांमधली लांबी जास्त आणि बांधणी स्थिर असते. त्र्यंबकपर्यंत जाऊन यायला तीच बरी.

गिअर किती, हा जाहिरातीतला आकडा सोडा आणि सर्वांत हलका गिअर बघा. ८ टक्के चढावर ८० किलो वजन ताशी ६ किलोमीटरने चढवायला मुरमावर १२० वॉटच्या आसपास ताकद लागते. पुढे ३४ दात आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीला २८ असतील, तर ४० मिलिमीटरच्या टायरवर या वेगाला पेडलचे मिनिटाला जेमतेम ३७ फेरे पडतात आणि गुडघे कुरकुरतात. मागे ३४ दात असतील तर ४५ पडतात. पुढे ३०, मागे ३४ असेल तर ५१.

खूपच हात आखडता असेल तर माझी शिफारस ग्रॅव्हलची नाहीच. साधा चिमटा, ७०० आकाराची चाकं आणि सरळ हँडल असलेली हायब्रिड घ्या आणि तिच्यात मावेल तेवढा जाड टायर बसवा. ड्रॉप हँडलवरचे गिअर-ब्रेक एकत्र असलेले लीव्हर महाग असतात, तो खर्च वाचतो. हायब्रिड घेऊन पुढे ड्रॉप हँडल लावू, असा बेत मात्र नको. हायब्रिडवर बरेचदा असणाऱ्या, धाव दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या व्ही-ब्रेकला जेवढी वायर ओढावी लागते तेवढी रोड लीव्हर ओढत नाहीत, गिअरच्या वायरीचं मापही बरेचदा जुळत नाही. स्वस्त शॉकअपचा चिमटाही टाळा. दोन-अडीच किलोची ती नुसती स्प्रिंग असते, उसळी आवरायला आत काही नसतं.

सेकंडहँड घेताना मागचं चाक काढायला लावा. दात असलेल्या चकत्या आट्यांवर फिरवून बसवलेल्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या असतील, तर उजवीकडची बेअरिंग बरीच आत असते आणि एक्सलचं टोक आधाराविना बाहेर राहतं. चकत्या जितक्या जास्त तितकं हे टोक लांब, आणि खड्ड्यांत एक्सल वाकण्याची भीती तितकी मोठी. कॅसेट, म्हणजे खाचांवर सरकवून बसवलेल्या चकत्या, असलेल्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) बेअरिंग टोकाजवळ असते. एक्सल काचेवर गडगडवून पाहा, वाकलेला असेल तर डुगडुगतो. चाकाला थोडी आउट असेल तर मिस्त्री स्पोक आवळून काढून देतो, त्यासाठी सौदा मोडू नये. ब्रेक डिस्कचे असतील आणि वायरवर चालणारे असतील तर उत्तम. त्यांची वायर कुठल्याही गावात बदलता येते.

घरी आल्यावर ४० मिलिमीटरच्या टायरला, स्वार सत्तर किलोच्या आसपास असेल तर, मागे ४० आणि पुढे ३५ पीएसआयपासून सुरुवात करा. दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत न्या. खड्यावर धाव आपटल्याचा ठक्क आवाज आला की तीन-चार वाढवा आणि तिथेच थांबा. बांधावरच्या सराट्यांना मात्र हवेचा दाब कितीही असला तरी फरक पडत नाही. त्यांच्यासाठी ट्यूब आणि टायरच्या मध्ये नायलॉनची पट्टी टाका, किंवा धाव आणि टायर त्या जातीचे असतील तर ट्यूबलेस करून आत सीलंट भरा. काटा काढला की त्यातलं लॅटेक्स भोकाशी गोठतं आणि हवा थांबते.